पिशवीच्या पाठीवरचा करार

मृग नक्षत्र लागले की परभणीच्या मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे सकाळपासून गर्दी होते. जिंतूर, पालम, सोनपेठकडून आलेला शेतकरी एकरी ३० किलोच्या हिशेबाने सोयाबीनच्या पिशव्या मागतो, वाणाचे नाव सांगतो, पैसे मोजतो नाहीतर उधारीवर नाव लिहून घ्यायला सांगतो. दुकानदार पावती फाडतो. पावतीवर वाण, लॉट नंबर आणि किंमत, खाली शेतकऱ्याची सही किंवा अंगठा. पिशवीच्या तोंडाशी शिवलेला टॅग असतो. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा आणि कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याचा हिरवट. सोयाबीन असेल तर त्यावर उगवणक्षमता किमान ७० टक्के असे छापलेले असते. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी मजकूर असतो. तो वाचायला मोंढ्यात कोणाला वेळ नसतो, आणि वाचला तरी तो बदलून घेण्याची सोय नसते. पीक जमीन, हवामान आणि मशागत यांवर अवलंबून आहे. कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरतीच राहील. वाद झाल्यास अमुक शहरातल्या न्यायालयातच दाद मागावी लागेल. असा त्याचा साधारण मसुदा.

हा करार आहे. वकील नाही, मुद्रांक नाही, साक्षीदार नाहीत, तरी कायद्याच्या दृष्टीने दोन पक्षांत व्यवहार झाला आणि त्याच्या अटी ठरल्या. अटी मात्र एकाच पक्षाने ठरवल्या. दुसऱ्याच्या हातात एवढेच होते, की पिशवी घ्यायची किंवा त्या हंगामात रान पडीक ठेवायचे.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. एखादी अट केवळ एकतर्फी आहे म्हणून ती रद्द होते, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. सक्ती, फसवणूक, गैरवाजवी दबाव, दिशाभूल यांपैकी काही दाखवता आले तर करार मोडतो. नाहीतर सही केली म्हणजे मान्य केले, असा जुना नियम. हा नियम दोन तोलामोलाच्या व्यापाऱ्यांसाठी ठीक होता. छापील करार आले, एकाच मसुद्यावर लाखो लोक सह्या करू लागले, तेव्हा तो उघडा पडला. विधिमंडळे याकडे फार उशिरा वळली. तोवर जे काही झाले ते वेगवेगळ्या देशांतल्या न्यायाधीशांनी, समोर आलेल्या एकेका माणसाच्या तक्रारीवर केले. त्यांतली आपल्या मोंढ्याला सगळ्यात जवळची तक्रार स्कॉटलंडमधली आहे.

पूर्व लोथियन भागातल्या जॉर्ज मिचेल नावाच्या शेती कंपनीने १९७३च्या डिसेंबरात फिनी लॉक सीड्स या बियाणे विक्रेत्याकडे कोबीचे बी मागवले. वाण हिवाळ्यात उशिरा निघणारा. तीस पौंड बी, म्हणजे चौदा किलोच्या आत-बाहेर. किंमत दोनशे पौंडांच्या आसपास. बी आले, सोबत बिल आले, आणि बिलाच्या पाठीवर नेहमीच्या अटी आल्या: बियाण्यात खोट निघाल्यास आम्ही बी बदलून देऊ किंवा किंमत परत करू, त्यापुढच्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी आमची नाही. ६३ एकरांत लागवड झाली. रोपे वाढली, पाने आली, पण गड्डा धरला नाही. मागवलेला वाण हा नव्हताच. भलत्याच, शरद ऋतूत निघणाऱ्या कोबीचे ते बी होते आणि तेही हलक्या प्रतीचे. सगळे पीक नांगरून टाकावे लागले. नुकसान ६१ हजार पौंडांहून अधिक. विक्रेता म्हणाला, अट वाचा, तुमचे दोनशे पौंड घ्या.

खटला १९८२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे आला. त्या न्यायालयातला त्यांचा हा शेवटचा निवाडा मानला जातो. उभी कारकीर्द त्यांनी बारीक अक्षरांतल्या अटींशी झगडण्यात घालवली होती आणि शेवटही त्याच विषयाने झाला. विक्रेता तिथे हरला, आणि १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयातही हरला.

हाउस ऑफ लॉर्ड्सने काय म्हटले नाही ते आधी पाहू. अटीचे शब्द अस्पष्ट आहेत, असे त्यांनी म्हटले नाही. उलट, शब्द स्वच्छ आहेत आणि ते या नुकसानीला लागू पडतात, असे मान्य केले. त्याआधीची कित्येक वर्षे इंग्लंडमधले न्यायाधीश अन्याय टाळण्यासाठी शब्दांची ओढाताण करून अटीला पळवाट शोधत असत. १९७०च्या दशकातल्या कायद्याने अट वाजवी आहे का हे सरळ विचारण्याची मुभा दिली होती, आणि लॉर्ड्सनी तीच वापरली. त्यांची कारणे परभणीच्या कोणत्याही शेतकऱ्याला पटतील अशी आहेत. ही अट बियाणे व्यापारात सर्रास छापली जाई, पण ती शेतकऱ्यांच्या संघटनेशी बसून कधी ठरवलेली नव्हती. दुसरे, तक्रार खरी वाटली की विक्रेते स्वतःच किमतीपेक्षा जास्त रक्कम देऊन मिटवत असत. म्हणजे आपली अट सरसकट न्याय्य नाही हे त्यांनाही कळत होते. तिसरे, चूक विक्रेत्याच्याच संबंधित कंपनीच्या हलगर्जीपणाची होती. आणि चौथे, अशा नुकसानीचा विमा विक्रेत्याला उतरवता आला असता आणि त्यामुळे बियाण्याची किंमत फारशी वाढली नसती.

मला यातले चौथे कारण सर्वांत मोलाचे वाटते. चूक कोणाची, हा प्रश्न न्यायालयात नेहमीच विचारला जातो. नुकसान पेलण्याची आणि आधीच वाटून घेण्याची ताकद कोणाकडे आहे, हा प्रश्न त्यामानाने नवा. हजारो पिशव्या विकणारा माणूस एका पिशवीचा धोका सगळ्या पिशव्यांवर थोडा थोडा पसरू शकतो. ६३ एकरवाला किंवा तीन एकरवाला ते करू शकत नाही.

मिचेल यांचा खटला मात्र ग्राहकाचा म्हणून चालला नाही. इंग्रजी कायद्याच्या हिशेबी शेती हा धंदा आणि शेतकरी धंदेवाला. हा निकाल दोन व्यावसायिकांमधल्या कराराचा होता. भारतात गाडी नेमकी याच वळणावर दुसरीकडे गेली.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा. त्यात 'व्यावसायिक कारणासाठी' वस्तू घेणारा ग्राहक नाही, अशी मर्यादा होती. पुढे १९९३ साली खुलासा जोडला गेला, की स्वतः राबून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरायची नाही. तरीही बियाणे कंपन्या म्हणत राहिल्या, शेतकरी पीक विकतो, म्हणून तो ग्राहक नव्हे. हा वाद अनेक मंचांवर अनेक वर्षे रेंगाळला.

यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जालन्यातल्या कंपनीचा आहे. महाराष्ट्र हायब्रिड सीड्स म्हणजे महिको बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केली. बारवाले जन्माने हिंगोलीचे, आणि हिंगोली १९९९च्या मे महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. संकरित बियाणे छोट्या शेतकऱ्यापर्यंत नेले म्हणून त्यांना १९९८चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले, आणि ते रास्तच होते. मराठवाड्याच्या शेतीचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय लिहिता येणार नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात कंपनीविरुद्ध आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्याने सूर्यफुलाच्या बियाण्यावरून मिळवलेला निकाल कायम झाला. कंपनीचा बचाव तांत्रिक होता. सदोष मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा असे कायद्याचे कलम १३ सांगते. इथे तपासणी झालीच नाही, मग दोष सिद्ध कसा? न्यायालयाने पाहिले, की शेतकऱ्याने सगळे बी पेरून टाकले होते. त्याच्याकडे पाठवायला काही उरले नव्हते. त्याच लॉटचे बी कंपनीकडे असणार. शंका होती तर तिने ते तपासायला पाठवण्याची मागणी करायची होती.

मग १६ जानेवारी २०१२चा निकाल आला: राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध आंध्रमधले शेतकरी. या एका निकालात पिशवीच्या पाठीवरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा हिशेब लागला. निगम म्हणाले, १९६६चा बियाणे कायदा हा खास कायदा आहे, तक्रार त्याखाली करा. न्यायालयाने उत्तर दिले, त्या कायद्यात निरीक्षक आहेत, दंड आहे, परवाना रद्द करणे आहे, पण ज्याचे पीक गेले त्याला भरपाई देण्याची तरतूदच नाही. मग त्याला ग्राहक मंचाचे दार बंद कसे करता? निगम म्हणाले, यातले काही शेतकरी आमच्यासाठी बीजोत्पादन करत होते, पीक आम्हीच विकत घेणार होतो, हे व्यापारी झाले. न्यायालयाने तेही मानले नाही. असा बीजोत्पादक शेतकरीसुद्धा ग्राहकच. करारात लवादाची अट आहे, हा पुढचा मुद्दा. लवाद हा एक पर्याय आहे, एकमेव मार्ग नव्हे, असे उत्तर मिळाले. आणि नमुन्याच्या मुद्द्यावर न्यायालयाने जे म्हटले ते गावातल्या कोणीही म्हटले असते: बी खराब निघेल असे आधीच धरून शेतकरी त्यातले थोडे तपासणीसाठी बाजूला ठेवेल, ही अपेक्षा करता येत नाही.

या निकालाने शेतकरी कायम जिंकू लागला असे मात्र नाही. उगवण झाली नाही, एवढे दाखवून भागत नाही; दोष बियाण्याचाच होता हे दिसावे लागते. हरियाणातल्या एका खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच बजावले होते, की पीक कमी-जास्त दिसले म्हणून खापर बियाण्यावर फुटत नाही, तपासणी अहवालात तसे स्पष्ट यायला हवे. खोल पेरणी, अपुरी ओल, पेरणीनंतर पावसाची उघडीप, रासायनिक खताचा बियाण्याशी संपर्क, सगळ्यांनी कोंब मरतो. सोयाबीनचे टरफल तर इतके पातळ, की पोती आपटली तरी गर्भाला इजा होते. म्हणून परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि गोणपाटात शंभर दाणे घालून घरी उगवण तपासा. कोर्टातही कंपनीचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो: पाऊस किती झाला होता?

अशा वेळी सगळा भार येतो तो तालुक्याच्या तक्रार निवारण समितीच्या पंचनाम्यावर. कृषी अधिकारी, विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा शास्त्रज्ञ शेतात येतात, ओळीत बसून उगवलेली रोपे मोजतात, माती उकरून न उगवलेला दाणा कुजलाय की तसाच आहे ते बघतात. त्या कागदावर 'बियाणे सदोष आढळले' हे शब्द आहेत की नुसतेच 'उगवण कमी आहे', यावर पुढच्या दोन-चार वर्षांची लढाई ठरते. कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावले होते का, हेही नंतर विचारले जाते. आणि शेतकरी तर सहसा थांबलेला नसतो. वाफसा आहे तोवर दुबार पेरणी उरकायची असते, म्हणून समिती येण्याआधीच तो रान मोडतो आणि पुरावा नांगराखाली जातो. त्याला दोष कसा द्यावा मला कळत नाही.

हे सगळे एकदम अंगावर आले ते २०२०च्या खरिपात. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी परतीच्या पावसात सोयाबीन भिजले होते, बियाण्याचा दर्जा घसरला होता. मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांच्या रानात ओळी रिकाम्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बातम्यांची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली आणि कृषी खात्याला जाब विचारला. एकेकट्याने तक्रार करणाऱ्या माणसाच्या हाती जे लागत नाही ते तेव्हा एकत्र मांडले गेले.

बाहेरच्या देशांत छापील अटींशी न्यायालये कशी भिडली, हे थोडक्यात पाहिले तर आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते ठळक होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १९६० साली हेनिंगसेन खटला झाला. नवी मोटार घेतल्यावर दहा-बारा दिवसांत सुकाणू निकामी होऊन अपघात झाला; करारात हमी एवढीच, की खराब भाग कारखान्यात बदलून देऊ. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाहिले, की मोटार कंपन्यांच्या संघटनेने एकच मसुदा सर्वांना दिला आहे, म्हणजे गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला तरी अट तीच. असा करार सार्वजनिक हिताविरुद्ध आहे म्हणून अट निकामी ठरली. जर्मनीत न्यायालयांनी वर्षानुवर्षे छापील अटींवर निकाल देत जे नियम घडवले ते १९७६च्या कायद्यात उतरले. न्यायाधीशांच्या वहीतून विधिमंडळात, हा तो प्रवास.

युरोपातला बार्सिलोनाचा खटला तर आपल्या पिशवीवरच्या 'अमुक शहरातल्या न्यायालयातच' या ओळीचाच. स्पेनमध्ये हप्त्यांवर ज्ञानकोश विकणाऱ्या कंपन्यांनी करारात लिहून ठेवले होते, की दावा फक्त बार्सिलोनात चालेल. ग्राहक दुसऱ्या गावचे. हप्ते थकल्यावर दावा बार्सिलोनात, आणि तिथवर कोण जाणार? २००० साली युरोपीय न्यायालयाने सांगितले, की ग्राहकाने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीश स्वतःहून अट तपासू शकतो आणि अन्याय्य असेल तर बाजूला ठेवू शकतो. गैरहजर माणसाच्या बाजूने न्यायाधीशाने बोलायचे, हा विचार फार मोठा आहे. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तेच काम दुसऱ्या रीतीने केले: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पालमच्या शेतकऱ्याला आता कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, परभणी पुरते.

अमेरिका मात्र मोटारीच्या निकालापासून खूप दूर गेली. फोन 'मोफत' म्हणून देऊन ३० डॉलर २२ सेंट कर वसूल केला, म्हणून एका जोडप्याने सर्व ग्राहकांच्या वतीने दावा लावला. २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की करारातली लवादाची आणि एकत्र दावा न लावण्याची अट पाळावी लागेल. तीस डॉलरसाठी एकटा माणूस लवादापुढे जात नाही. म्हणजे ती रक्कम कंपनीकडेच राहते. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात उलट ठरवले: करारात लवाद असला तरी ग्राहक आयोगाचे दार उघडे. बियाण्याच्या २०१२च्या निकालाने जी वाट पाडली होती, तिचाच हा पुढचा टप्पा.

करार एकतर्फी आहे म्हणूनच मोडावा, हे भारतात प्रथम ठामपणे म्हटले गेले ते १९८६च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात. तो नोकरीच्या कराराचा होता, आणि न्यायालयाने इंग्रजी व अमेरिकन निकाल भरपूर धुंडाळले होते. ग्राहकापर्यंत हे पोहोचायला २०१९चा एप्रिल उजाडला. फ्लॅट उशिरा देणारा बिल्डर ग्राहकाकडून हप्ता चुकला तर जबर व्याज घेतो आणि स्वतः उशीर केला तर बरेच कमी देतो, असा करार पायोनियर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुचित व्यापारी प्रथा ठरवला. परभणी-नांदेडच्या कितीतरी कुटुंबांनी मुलांच्या शिक्षण-नोकरीसाठी पुण्यात, संभाजीनगरात घरे नोंदवली आहेत. त्यांच्या कपाटात असेच करार आहेत. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात 'अनुचित करार' ही संज्ञा आली. जादा अनामत, नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, मुदतीआधी कर्ज फेडू न देणे, एकतर्फी करार संपवणे, ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याच्या अहिताने करार दुसऱ्याला सोपवणे, गैरवाजवी भार टाकणे, असे प्रकार त्यात मोडतात. कायदा २० जुलै २०२०पासून अमलात आला.

याच काळात पीकविम्याच्या करारातली ७२ तासांची अटही न्यायालयात गेली. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवले नाही तर भरपाई नाही. २०२०च्या खरिपात अतिवृष्टीने धाराशिवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, सोयाबीन पाण्यात गेले. लाखो शेतकऱ्यांना ७२ तासांत कळवता आले नाही. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश विमा कंपनीला दिला. महसूल खात्याचे पंचनामे झालेले होते. नुकसान झाले हे सरकारदरबारी नोंदले गेले होते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण पाण्याखाली गेलेल्या गावातून तीन दिवसांत सूचना पाठवा ही अट निसर्गालाच मान्य नव्हती, हे खंडपीठाच्या आदेशाने उघड झाले.

आता नव्या कायद्यातली एक गोष्ट, जी मला खटकते. कराराची अट अनुचित म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. कलम ४७ आणि ४९ वाचले तर जिल्हा आयोगाचे नाव त्यात नाही. परभणीचा जिल्हा आयोग सदोष बियाण्याची तक्रार ऐकू शकतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते, आणि हा हिशेब नुकसानीवर नव्हे, बियाण्यासाठी मोजलेल्या पैशांवर होतो. ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. पण 'आमची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरतीच' ही ओळच अनुचित करार म्हणून पुसून टाका, असे मागायचे असेल तर राज्य आयोगाकडे, संभाजीनगरच्या खंडपीठात किंवा मुंबईत जावे लागते. तीन पिशव्यांच्या पावतीसाठी कोण जाईल? बार्सिलोनाच्या निकालाने सामान्य न्यायाधीशाला, समोरचा माणूस गैरहजर असतानाही, अट तपासण्याचा अधिकार दिला. आपण तो अधिकार जिल्ह्याच्या गावातून उचलून दूर नेऊन ठेवला. संसदेने एका ओळीची दुरुस्ती केली तर हे काम परभणीतच होईल, आणि ती दुरुस्ती व्हायला हवी.

तोवर जिल्हा आयोगापुढे जी साधने आहेत ती २०१२च्या निकालाची आहेत. नमुना बाजूला ठेवणे सक्तीचे नाही, पण टॅग, रिकामी पिशवी, पावती आणि मूठभर दाणे घरातल्या कोनाड्यात हंगाम संपेपर्यंत राहू द्यावेत. उगवण कमी दिसली की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि दुबार पेरणी थांबवता येत नसेल तर निदान चार ओळी मोडू नयेत. समितीचा शास्त्रज्ञ त्याच चार ओळींत बसून दाणे उकरणार आहे.